पान चारवरचा परिच्छेद

उंब्रजच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. सतरा वर्षं झाली. दुसऱ्याची चुगली करायला आलेली मुलं या काळात पुष्कळ पाहिली. स्वतःचीच चुगली करायला आलेली मुलगी मात्र एकच, संयोगिता जगदाळे. जूनचा पहिला आठवडा होता, शाळा अजून उघडली नव्हती, आम्ही शिक्षक दाखल्यांच्या कामाला येत होतो. तिचा दहावीचा निकाल लागून तीन आठवडे झाले होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी एक वाईट काम केलंय. तुम्ही लिंक पाठवली होती ना, त्या इंटर्नशिपमध्ये."

त्या दिवशी तिनं जे सांगितलं, आणि नंतर थोडं थोडं जे कळत गेलं, ते सगळं मिळून असं आहे.

संयोगिता पाचवीपासून वर्गात पहिली. पहिलं येण्याचा काही मुलांना आनंद असतो, हिला त्याचं ओझं असायचं. वडील मानसिंग जगदाळे चोवीस वर्षं लष्करात होते. ती लहान असताना वर्षातून दोनदा सुटीवर यायचे. आल्या दिवशी, ट्रंक उघडायच्याही आधी, ही प्रगतिपुस्तक घेऊन पुढ्यात उभी राहायची. मानसिंग पान उलटायचे, सही करायचे आणि म्हणायचे, "ठीक है. नेक्स्ट." पुढच्या सुटीपर्यंत तिला तेवढ्यावर काढावं लागे. तीन वर्षांपूर्वी ते सुभेदार होऊन निवृत्त झाले, चार एकर ऊस स्वतः बघू लागले, रोज संध्याकाळी घरात दिसू लागले. पण शब्द तेवढेच राहिले.

मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि पुण्यातल्या एका संस्थेची सूचना माझ्या मोबाइलवर आली. नववी ते बारावीच्या मुलांसाठी पर्यावरण धोरणाची उन्हाळी इंटर्नशिप, सहा आठवडे, सगळं ऑनलाइन. मुलांनी आपल्या भागातला एक प्रश्न घ्यायचा, त्याची माहिती गोळा करायची, आणि सरकारनं काय करावं याचं एक टिपण लिहायचं. मी ते वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. चौदा जणांनी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं, फॉर्म एकटीनं भरला.

फॉर्मसाठी तिनं उसाच्या पाचटीवर तीनशे शब्द लिहिले. ऊस तुटून गेला की रानात राहिलेला वाळका पाला आमच्याकडं सर्रास पेटवून देतात, आणि आठ-आठ दिवस धुरानं डोळे चुरचुरतात. ती लिहायला बसली त्याच दुपारी मानसिंगांनी स्वतःच्या रानातली पाचट पेटवली होती.

"पप्पा, हे बंद करा म्हणून मी सरकारला सांगणार आहे."

"सांग की. फक्त काडी कुणी लावली ते लिहू नगो."

राज्यातून चाळीस मुलं निवडली, त्यात ही होती. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची होती. हिनं चार दिवस आरशासमोर उभं राहून इंग्रजीतली ओळख पाठ केली. मुंबई-पुण्याच्या मुलांच्या मागं पुस्तकांची कपाटं दिसत होती, म्हणून तिनं आईकडून भिंतीवरचं देवांचं कॅलेंडर तेवढं काढून घेतलं. तिची पाळी आली, ती न अडखळता बोलली. इंटर्नशिप चालवणारे दिग्विजय सर, तिशीचे असतील, म्हणाले, "गुड."

त्यानंतर पडद्यावरचा एक काळा चौकोन बोलू लागला. कॅमेरा बंद, मागं वाऱ्याचा आवाज.

"मी माया. आटपाडी तालुक्यातली. आमची मेंढरं हायती. आमच्या वाडीच्या गायरानात झाडं लावली आन् आमचं चरायचं रान गेलं. झाडं लावणं वाईट कसं असंल, म्हणून आमचं कुनी ऐकूनच घेत न्हाई. ते ऐकवायचं कसं, तेवढं शिकायला आलेय."

मग पडद्यावर टाळ्यांची आणि बदामांची चित्रं सरसर वर जाऊ लागली. सर म्हणाले की याच्यासाठीच तर आपण हे सगळं करतो. संयोगितानं मोजलं होतं. सर मायाबद्दल चार वाक्यं बोलले. तिच्याबद्दल एक शब्द.

दोघादोघांच्या जोड्या करायच्या होत्या. साताऱ्याची एकच, सांगलीची एकच, म्हणून या दोघींची जोडी लागली. विषय कुठला, यावर बोलणं झालं तेव्हा सर म्हणाले, "संयोगिता, पाचटीवर दरवर्षी चार-पाच टिपणं येतात. गायरानाचं मात्र मी पहिल्यांदा ऐकतोय. तुझं इंग्रजी चांगलं आहे, तू मायाला मदत कर ना."

मदत. हा शब्द तिला लागला तो लागलाच.

मायाबद्दल मला जे कळलं ते संयोगिताकडूनच, त्यामुळं त्यात थोडा तिखटपणा असणार. पण एक गोष्ट तिनं सुरुवातीलाच कबूल केली. मायाला कुणी बिचारी म्हणावं अशी ती अजिबात नव्हती. तीही दहावीचीच, आटपाडीच्या होस्टेलात राहून शिकलेली. पोलीस उपनिरीक्षक व्हायचं तिनं ठरवून टाकलं होतं. मेंढरं आजोबा तात्याबा आणि भाऊ रविराज बघायचे. एकदा सरांनी तिला कॅमेरा लावून मेंढ्या दाखवायला सांगितलं, मुलांना बघायला आवडेल म्हणाले. माया म्हणाली, "सर, मेंढरं आज्याबरोबर माळावर हायती, आन् मी हितं शेवया करतेय. शेवया दाखवू का?" सगळे हसले, सरही हसले. नाही म्हणूनसुद्धा लोकांना आवडायचं कसं, हे संयोगिताला कळेना. ती स्वतः सगळ्याला हो म्हणत आली होती.

काम असं चाले. वाडीवर नेटवर्क नीट नसायचं, लांबलचक इंग्रजी लिहिण्याची मायाला सवय नव्हती. ती व्हॉइस नोट पाठवायची. संयोगिता ती ऐकायची, इंग्रजीत उतरवायची, आकडे तपासायची. नव्वद एकर गायरान, त्यातलं साठ एकर दोन वर्षांपूर्वी चर खणून बंद केलेलं, आत लावलेली रोपं बहुतेक वाळलेली, गवत गुडघाभर उभं, आणि मेंढरं चराच्या बाहेर. एका नोटमध्ये माया म्हणाली, "झाडाची सावली पडायला धा वरसं लागत्यात. गवताला एक पाऊस पुरतो. आमी एका पावसावर जगणारी माणसं, धा वरसं कुटं थांबणार?"

या तीन वाक्यांसाठी संयोगिता सकाळी सात ते साडेआठ बसली होती. शब्द बदलून पाहिले, मोठ्यानं म्हणून पाहिले, मूळ बोलण्यातला ठोका इंग्रजीत येईपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी त्या ओळींशेजारी सरांचा शेरा दिसला: 'माया, काय सुंदर मांडलंयस!'

"मॅडम, इंग्रजी माझं होतं," ती मला म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण म्हणणं तिचं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच जास्त राग आला."

तरीही इथवरचं तिनं गिळलं असतं. खरी आग लागली ती घरातच.

मे महिन्यातली दुपार. ती व्हॉइस नोट लावून लिहीत होती आणि मानसिंग दारात चप्पल काढता काढता थांबले. पूर्ण ऐकलं. म्हणाले, "परत लाव." परत ऐकलं. "ही कुणाची पोरगी गं?"

तिनं मायाचं आणि तिच्या आजोबांचं नाव सांगितलं. मानसिंगांना आटपाडीकडचे एक तात्याबा माहीत होते. दिवाळीनंतर त्यांचा कळप खाली उतरायचा आणि जगदाळ्यांच्या रानात दोन रात्री बसायचा. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणून आमच्याकडं शेतकरी त्यांची वाटच बघतात. मानसिंगांनी तिथंच मायाला फोन लावायला लावला.

"तात्याबाची नात व्हय तू? मी उंब्रजचा सुभेदार. आगं, तुझा आजा माझ्या बांधावर जेवतो."

"व्हय काका! आबा सांगत्यात, सुभेदाराच्या रानात कुत्रंबी शिस्तीत भुंकतं म्हणून."

मानसिंग मोठ्यानं हसले. संयोगितानं वडिलांना असं हसताना मित्रांबरोबर पाहिलं होतं, घरात कधी नाही. पाच मिनिटं ते बोलत होते. पाऊस, चारा, रविराजचा टेंपो, पोलिसातली भरती. ती खुर्चीत बसून होती आणि फोन तिचाच होता.

त्यानंतर आठवड्याभरातच निकाल लागला. तिला शहाण्णव टक्के पडले. मानसिंग म्हणाले, "ठीक है," आणि डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी मायाचा निरोप आला, एक्क्याऐंशी.

"वा रं वा!" मानसिंग आतल्या खोलीतल्या संयोगिताच्या आईला ओरडून सांगू लागले. "ऐकलंस का? मेंढरांमागं हिंडून एक्क्याऐंशी!"

"ती मेंढरांमागं हिंडत नाही पप्पा, होस्टेलात राहते," संयोगिता म्हणाली.

"तरी पण. घरात कुणी शिकल्यालं न्हाई, टेबल न्हाई, खुर्ची न्हाई. तुला काय कमी हाय?"

तिला काहीच कमी नव्हतं. तेच तिच्या विरोधात जात होतं. शहाण्णव तिचे नव्हतेच जणू, ते टेबलाचे होते, खुर्चीचे होते, वायफायचे होते.

बावीस मे ही टिपण पाठवायची शेवटची तारीख. त्याच्या आधी दोन दिवस मायाची एक मोठी नोट आली. मामेबहिणीच्या लग्नाला ती सांगोल्याकडं निघाली होती, जाता जाता टेंपोत बसून बोलली होती. "आता शेवटचं सांगते, उपाय. म्या आबाला इचारलं. आबा म्हनलं, समदं बंद बी नगो, समदं उघडं बी नगो. गायरानाचं तीन वाटे करा. एक झाकून ठेवा, दोन चरायला द्या. तीन वरसांनी पाळी बदला. झाकल्याल्या वाट्यातल्या रोपांची राखण आमीच करतो, आमच्यातला एकजण रोज तिथं असतोच. आन् पाण्यावर जायला एक वाट सोडा, कळप जाईल एवढी रुंद. बास. सरकारला कुंपणाचा खर्च न्हाई, आमाला रानोरान हिंडायला नगो. हे पान चारवर घाल गं. हेच खरं हाय, बाकी समदी रडगाणी."

संयोगितानं ते इंग्रजीत उतरवलं. एकशे चाळीस शब्दांचा परिच्छेद झाला. तिनं तो पुन्हा वाचला. अख्ख्या टिपणात यापेक्षा चांगलं काही नव्हतं, आणि हे वाचून सर काय लिहितील, पप्पा काय म्हणतील, ते तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

बावीस तारखेला दुपारी चार वाजता तिनं तो परिच्छेद निवडला आणि काढून टाकला. त्याच्या जागी लिहिलं की स्थानिक लोकांमध्ये जागृती करावी आणि सर्व संबंधितांशी चर्चा करून योग्य तो निर्णय घ्यावा. मग टिपण पाठवून दिलं आणि आईबरोबर भाजी निवडायला बसली.

"तेव्हा कसं वाटलं?" मी विचारलं.

"हलकं," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. तासभर फार हलकं वाटलं."

एकतीस मेला संध्याकाळी पाच वाजता शेवटचं सादरीकरण होतं. तीन परीक्षक. एक दिल्लीच्या बाई, त्यांना मराठी येत नव्हतं. एक प्राध्यापक. आणि तिसरे कृष्णात पवार, वनखात्यातून निवृत्त झालेले, सांगलीकडचेच. माया यावेळी कॅमेरा लावून बसली होती, केस चापून बांधलेले, मागं निळ्या रंगाची भिंत. मानसिंग चहाचा कप घेऊन टेबलाच्या पलीकडं बसले होते, पडद्यात दिसणार नाहीत असे.

प्रश्न कसा निर्माण झाला ते संयोगितानं इंग्रजीत सांगितलं, उत्तम सांगितलं. मायानं मराठीत दोन प्रसंग सांगितले. मग कृष्णात पवारांनी चष्मा वर केला.

"बाळांनो, दुखणं तुम्ही नेमकं सांगितलंत. पण औषध दिसत नाही. शेवटी नुसती जागृती आणि चर्चा. मी तीस वर्षं असलेच अहवाल वाचलेत. तुमचं स्वतःचं काही म्हणणं नाही का?"

"हाय की सर," माया लगेच म्हणाली. "पान चारवर हाय. तीन वाट्यांचं."

दिग्विजय सरांनी पान चार पडद्यावर घेतलं. वर केलं, खाली केलं. पान तीन, पान पाच. कुठंच नव्हतं.

मायाचा चेहरा पडद्यावर होता. तिनं आधी पान वाचलं. मग डोळे किंचित बाजूला वळवले, जिथं तिच्या पडद्यावर संयोगिताचा चौकोन असणार. संयोगिता म्हणते की तिनं तिथल्या तिथं सगळ्यांसमोर आपलं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"छापायचं राहिलं वाटतं सर," माया म्हणाली. "तोंडी सांगू का?"

सर म्हणाले, "सांग. संयोगिता, तू मॅडमसाठी इंग्रजीत सांगत जा. एकेक वाक्य."

माया बोलू लागली. तेच, आणि त्यापेक्षाही जास्त, कारण आता तिला कृष्णात पवार मध्येच अडवून विचारत होते. मेंढ्या रोप खातात त्याचं काय? राखणीला माणूस कुठल्या घरचा? पाळी कोण बदलणार? ती एकेकाला उत्तर देत होती, आणि प्रत्येक उत्तर संयोगिताच्या तोंडून दुसऱ्यांदा बाहेर पडत होतं. स्वतःच पुसून टाकलेले शब्द तिला सगळे पाठ होते. सुरुवातीला आवाज कापला, मग कापायचा थांबला. माया थांबे तिथं ती थांबे, माया जोर देई तिथं जोर. बारा मिनिटं असं चाललं. शेवटी दिल्लीच्या बाई म्हणाल्या की मधे भाषांतर आहे हेच मी विसरून गेले.

कुणी तिचं असं कौतुक याआधी केलं नव्हतं. आणि ते नेमकं अशा वेळी आलं, की तिला ते घेता येईना.

निकाल तिथंच सांगितला. जुलैत पुण्याला एक परिषद होती, तिथं गायरान-कुरणांवर काम करणारे लोक जमणार होते. त्यासाठी या जोडीतून मायाला बोलावलं. संस्थेच्या पानावर लिहून आलं: 'संशोधन आणि मांडणी, माया. भाषांतर साहाय्य, संयोगिता.' मानसिंग उठताना म्हणाले, "पोरीनं मैदान मारलं!" कुठली पोरगी, ते विचारायची गरज नव्हती.

तासाभरानं मायाचा फोन आला. संयोगिता गच्चीवर गेली.

"पान चारवरचं राहिलं, का ठेवलंस?"

"शब्दमर्यादा होती गं. पंधराशेची."

"बाराशे ऐंशी शब्द हायती त्यात. म्या मोजलं." मग, "आता तरी खरं सांग."

"मला नको होतं ते," संयोगिता म्हणाली. "सगळे तुझंच कौतुक करतात. सर करतात, माझे पप्पा करतात. आणि ते वाचून अजून केलं असतं."

माया ओरडली नाही. म्हणाली, "आगं, ते माझं कुटं व्हतं? आबाचं व्हतं ते. पंचाहत्तर वरसाच्या म्हाताऱ्यानं डोकं चालवून सांगितलं, माझं इंग्रजीत जाणार म्हणून चार लोकांना सांगून आला. तू त्याचं खोडलंस. माझ्यावर जळायचं तर माझं कायतरी खोडायचं व्हतंस." आणि फोन बंद झाला. नंतर लावलेला उचलला नाही.

हे सगळं ऐकून मी शिक्षिकेसारखं काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझ्याबरोबर बीएडला असलेली एक मैत्रीण आता मोठी प्राध्यापिका आहे, आणि तिचा नवा फोटो आला की मी मोबाइल पालथा ठेवते. मी कुठल्या तोंडानं बोलणार? मी एवढंच म्हणाले, "घरी सांगितलंस?"

"तेच जमत नाही."

"मग तेच करावं लागणार."

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. मानसिंग ऐकत राहिले. शेवटी तिनं जे कधीच म्हटलं नव्हतं तेही म्हणाली, "तुम्ही तिच्या एक्क्याऐंशीला वा म्हणालात. माझ्या शहाण्णवला ठीक है."

मानसिंग म्हणाले, "ते माझं चुकलं. लष्करात चांगल्या जवानाला कुणी वा म्हणत न्हाई, त्याला अजून काम देत्यात. मला तेवढंच येतं." आणि मग, "पण म्हाताऱ्याचं खोडलंस ते तुझं. त्याला तू सांगणार. मी नुसता गाडी चालवणार."

मधल्या चार दिवसांत तिनं टिपण पुन्हा लिहिलं, इंग्रजीत पूर्ण, आणि मग पहिल्यांदाच मराठीतही. रविवारी सकाळी बापलेक निघाले. कराड, विटा, पुढं उघडे माळ. ऊस मागं पडत गेला.

तात्याबा घरासमोर लिंबाखाली बसले होते. मानसिंगांना पाहून उठू लागले. संयोगितानं त्यांना बसवलं आणि उभ्यानंच सांगून टाकलं. "आबा, तुमचं तीन वाट्यांचं मी मुद्दाम काढून टाकलं होतं. मला मायाचा हेवा वाटला म्हणून."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "आसं व्हय. मला वाटलं माझंच कायतरी चुकलं, म्हणून सायबांनी काढलं." मग, "आठ दिस तेच डोक्यात हुतं बग."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. तिनं त्यांच्या पाया पडायला वाकून तिथंच थोडं रडून घेतलं. तात्याबांनी तिला उठवलं, पण 'जाऊ दे' म्हणाले नाहीत.

माया दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती. संयोगितानं मराठी टिपण तिच्यासमोर धरलं. तिनं घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्यानं वाचलं, आणि नखानं एक ओळ दाखवली. "पाण्याची वाट चाळीस फूट लिवलीस. एवडी कशाला? पंचवीस बास हाय. चाळीस मागितली तर पंचवीस बी देणार न्हाईत." संयोगितानं पेन काढून दुरुस्त केलं. मग मायानं चहा टाकला. गोड बोलली नाही, पण चहा टाकला.

तात्याबा त्यांना गायरानाकडं घेऊन गेले. कोरडे चर, त्यांच्या काठानं वाळलेल्या काटक्यांच्या रांगा, आत पिवळं गवत. मानसिंग तात्याबांशी बोलत पुढं चालले होते आणि मध्येच वळून म्हणाले, "माया, हे चर किती खोल गं?" आणि संयोगिताला पुन्हा तीच जुनी कळ आली, इथं, या माळावर, माफी मागून अर्धा तास झाला नव्हता तरी. "मला वाटलं होतं, कबूल केलं की जाईल," ती मला म्हणाली. "नाही जात, मॅडम."

मराठी टिपण पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचलं गेलं. ठराव झाला, पुढं गेला, उत्तर अजून यायचं आहे. त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. कामापुरतं बोलतात. संयोगितानं मात्र अकरावीला कराडला सायन्स न घेता आर्ट्स घेतलं. शहाण्णव टक्क्यांची मुलगी आर्ट्सला, म्हणून भावकीत बरीच चर्चा झाली. तिला भाषांचं शिकायचं आहे म्हणाली. ती बारा मिनिटं तिच्या अंगात कुठंतरी राहिली असावीत. मानसिंगांनी प्रवेशाच्या रांगेत स्वतः उभं राहून फॉर्म भरला.

जुलैतली पुण्याची परिषद तिनं घरून ऑनलाइन पाहिली. दुसऱ्या दिवशी मला भेटायला आली तेव्हा हातात वही होती. मायाला भाषांतरासाठी तिथलीच कॉलेजातली एक मुलगी दिली होती.

"कशी बोलली माया?"

"ती चांगलीच बोलली. पण ती दुसरी, मॅडम!" संयोगितानं वही उघडली. पान भरून शब्द लिहिले होते, काहींच्या खाली दोन-दोन रेघा. "तिनं वाट्याचं भाषांतर रस्ता केलं. तीन रस्ते करा म्हणाली. सगळी माणसं गोंधळली. आणि आबांचं ते राखणीचं वाक्य तर तिनं गाळलंच. मी असते तर..."

बोलता बोलता तिचे कान लाल झाले होते. मायाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. त्या कॉलेजातल्या मुलीचं नाव मात्र तिला आडनावासकट पाठ होतं.